मेडिकल बोर्डाने ‘नाना’ लिहिलं. चार वर्षांनी अपील घेतील का?

भांडुपचा_हवालदार

जय हिंद मंडळी.

मी जुलै २०२१ अखेर हवालदार म्हणून पेन्शन आलो. २४ वर्षं पूर्ण. कोर आणि युनिट मुद्दाम लिहीत नाही, इथे ओळखीचे निघतात आणि दुसऱ्या दिवशी गावी साताऱ्याला फोन जातो. सध्या भांडुपला राहतो, लोअर परळच्या एका टॉवरला सिक्युरिटी सुपरवायझर आहे. बहुतेक नाइटच असते.

प्रकरण असं. दिवाळीच्या साफसफाईत मिसेसने माझी काळी ट्रंक पोटमाळ्यावरून खाली काढली. पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर आणि नाव अजून जसंच्या तसं आहे. आत जर्सी, डांगरी, दोन बेल्ट आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागद. त्यात ऑगस्ट २०२१ चं रेकॉर्ड ऑफिसचं (सैनिकांचे सेवेचे कागद सांभाळणारं ऑफिस) एक पत्र निघालं. मुलगी बारावीला आहे, तिने ते मोठ्याने वाचलं आणि मग मला समजावून सांगितलं: पप्पा, तुमचं अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी. पण ते सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेने वाढलेलंही नाही. म्हणून डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम नामंजूर. मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. मग बोटांवर मोजून म्हणाली, “सहा महिने म्हणजे फेब्रुवारी २०२२. तेव्हा तुम्ही काय केलंत?”

काहीच केलं नाही. करोनाचा काळ होता, नोकरी शोधत फिरत होतो. ‘नामंजूर’ एवढंच वाचलं आणि पत्र पिशवीत टाकलं. सुट्टी नामंजूर झाली की आपण पुन्हा विचारत नव्हतो, तीच सवय.

जुन्या जोडीदाराला फोन केला तर तो म्हणतो, “अरे, तुझं नाना झालंय.” पोरगी शेजारी बसून ऐकत होती, तिला वाटलं गावचे नाना गेले. नाना म्हणजे पत्रातलंच ते, सेवेमुळे झालेलं नाही आणि वाढलेलंही नाही, याची इंग्रजी आद्याक्षरं (NANA).

आजार बीपीचा. जुलै २०१३ ते जुलै २०१५ मी आरआरला (राष्ट्रीय रायफल्स) होतो, कुपवाड्याच्या बाजूला. दुसऱ्या हिवाळ्यात डोकं ठणकायचं, कानाच्या मागून सुरू व्हायचं. एमआय रूममध्ये (युनिटचा दवाखाना) पॅरासिटामॉल मिळायची. बीपी कुणी बघितलं नाही, मीही बघा म्हटलं नाही. रात्रीची गस्त, अॅम्बुश, चार तास झोप. डोकं सगळ्यांचंच दुखत होतं. खाली पीस स्टेशनला (शांत भागातली छावणी) आलो आणि नोव्हेंबर २०१५ च्या वार्षिक मेडिकलमध्ये १६०/१०४ निघालं. डॉक्टरांनी तीनदा मोजलं, तिसऱ्यांदा पट्टा दुसऱ्या हाताला बांधून. तिथून लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा खालचा दर्जा), ती शेवटपर्यंत.

२०२१ च्या रिलीज मेडिकल बोर्डात (घरी येतानाची तपासणी) मी खुर्चीवर पाच-सहा मिनिटं बसलो असेन. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला बीपी आहे का? मी खरं ते सांगितलं, आईला आहे. त्यांनी ते लिहिलं. मला वाटतं तिथेच माझं काम बिघडलं.

आता माझं विचारणं असं की, चार वर्षांनी अपील करता येतं का? आलं तर हातात किती पडेल? शेवटचं बेसिक ४०,४०० होतं आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) ५,२००. आमच्याकडे एक एजंट आहे, तो म्हणतो थकबाकीचे २५ टक्के दे, तुला कुठे फिरायला नको.

अजून एक. मला हे मागायची थोडी लाज वाटते. माझ्यासमोर माइनवर पाय गेलेला पोरगा बघितलाय मी. बीपीची गोळी खाणाऱ्याने त्याच नावाची पेन्शन मागायची, हे मनाला पटत नाही. मिसेस म्हणते लाज गोळ्यांच्या दुकानदाराला सांगा. काय ते मोकळेपणाने लिहा.

कोकण_ते_कारगिल

हवालदार साहेब, ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ शोधा. सुप्रीम कोर्ट, २ जुलै २०१३. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, आणि नाही झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. धरमवीर सिंग सिग्नल्सचे होते, आजार फिट्सचा, अपंगत्व २० टक्के. तुमचं तर ३० आहे. केस खिशात समजा. आणि एजंटला गेटवरूनच परत पाठवा, तुम्ही सिक्युरिटीवालेच आहात.

रेकॉर्डवाला_सुभेदार

हवालदार साहेब, मी क्लार्क ट्रेडचा. एका रेकॉर्ड ऑफिसच्या पेन्शन सेक्शनला तीन टेन्युअर मिळून साडेसात वर्षं काढली, आता डोंबिवलीत नातवाला शाळेत सोडतो. तुमच्यासारखी नामंजुरीची पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. मजकूर ठरलेला असायचा. नाव, नंबर, आजार आणि टक्के तेवढे बदलायचे. म्हणून सांगतो, त्या पत्राला एवढं घाबरू नका.

आधी लाजेचं बघू. नियम दोनच गोष्टी विचारतो: अपंगत्व २० टक्के किंवा जास्त आहे का, आणि ते सेवेमुळे झालं किंवा सेवेने वाढलं का. बीपीला त्यातून वगळलेलं नाही. उलट मेडिकल ऑफिसरांसाठी पेन्शनची जी मार्गदर्शिका आहे, त्यात परिच्छेद ४३ खास बीपीचा आहे. फील्ड, हाय अल्टिट्यूड, सीआय ऑप्स (अतिरेक्यांविरुद्धची कारवाई) किंवा लांबच्या समुद्रसेवेत असताना झालेलं बीपी सेवेने वाढलेलं धरावं, असं तिथे आहे. ज्याचा पाय गेला त्याच्या ताटातलं तुम्ही काही काढून घेत नाही. वहिनींचं ऐका.

मुदतीचं. पहिल्या अपिलाला सहा महिने होते ते गेले, तरी पहिलं अपील आत्ता पाठवाच. ते सेना मुख्यालयाच्या पीएस-४ शाखेतल्या अपील समितीसाठी असतं, पाठवायचं रेकॉर्ड ऑफिसमार्फत. उशीर का झाला हे चार ओळींत खरं-खरं लिहा. करोना, नोकरीची शोधाशोध, कायद्याची माहिती नव्हती. नाटक नको. वाचणारा रोज असली पन्नास पत्रं वाचतो, त्याला कळतं. ते नाकारलं तर दुसरी अपील समिती. आणि त्यांनी उत्तरच दिलं नाही तर? सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात कलम २१ आहे. खात्यातले उपाय आधी वापरा असं ते सांगतं, पण अर्ज देऊन सहा महिने उत्तर आलं नाही तर तो उपाय वापरला असंही धरतं. मग सरळ ट्रिब्युनल. तिथे मूळ अर्जाबरोबर विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडायचा. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्याने होतं, म्हणून केवळ उशिरासाठी दार सहसा बंद होत नाही.

पण उशिराची किंमत मोजावी लागते. २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी सहसा अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मागे तीन वर्षांचीच. तुम्ही आज ट्रिब्युनलमध्ये अर्ज टाकला असं धरलं तरी मागचे पंधरा महिने गेले. आणि आज तुम्ही टाकू शकत नाही, आधी पहिलं अपील. म्हणजे अजून जातील. दर महिन्याला मागचा एक महिना गळतो. हे वाचून झालं की कागद-पेन घ्या.

पैसे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, हे मूळ माप. तुमचे ४०,४०० आणि ५,२०० मिळून ४५,६००. त्याचे ३० टक्के १३,६८०. तुमचं अपंगत्व ३० टक्के म्हणजे ४,१०४ रुपये. पण २० ते ४९ टक्क्यांना ५० धरायचं, याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. मुदत पूर्ण करून घरी आलेल्यांनाही ते मिळतं, १० डिसेंबर २०१४ चा राम अवतार निकाल. तसं केलं की ६,८४० रुपये महिना, वर महागाई. तीन वर्षांचे महागाई सोडून २,४६,२४०. यातले २५ टक्के एजंटला द्यायचे म्हणजे साठ हजारांवर पैसे कशाचे? दोन अर्ज आणि एका झेरॉक्सचे.

आता खरं काम. तुमच्याकडे रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत आहे का? नसणार. आरटीआय टाका, तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. मागायचं काय: एएफएमएसएफ-१६ (रिलीज बोर्डाचा फॉर्म) संपूर्ण, कॅटेगरी पहिल्यांदा लागली तेव्हाचा बोर्ड, भरतीच्या वेळचं मेडिकल, आणि पोस्टिंगचा तपशील. तीस दिवसांत द्यावं लागतं.

प्रत आली की शेवटच्या पानावरचं बोर्डाचं मत आधी वाचू नका. सगळे तेच करतात. पहिल्या भागात तुमचं वैयक्तिक निवेदन असतं. त्यात एक तक्ता आहे: कधीपासून, कधीपर्यंत, कुठे, आणि एक बारीक रकाना, ‘पी’ किंवा ‘एफ’. पी म्हणजे पीस, एफ म्हणजे फील्ड. तो रकाना ओळीने वाचा. मग इथे सांगा.

कुलाब्याचा_पीओ

सुभेदार साहेबांचं बरोबर आहे. कोकण_ते_कारगिल यांचं अर्धं बरोबर आहे.

मी नेव्हीतला, पेन्शनर, वकील नाही. माझीही केस झाली आहे म्हणून निकाल वाचायची खोड लागली. धरमवीर सिंग यांचा निकाल १९८२ च्या एन्टायटलमेंट (पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या) नियमांवर आहे. तिथे सैनिकाच्या बाजूने धरून चालायची भाषा स्पष्ट होती. २००८ च्या नियमांत ती भाषा पातळ केली. हवालदार २०२१ ला घरी आले, म्हणजे त्यांना २००८ चे नियम लागतात, आणि सरकारी वकील उभा राहिला की पहिलं हेच म्हणतो. शिवाय प्रत्येक केस जिंकतेच असं नाही. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नकार दिला. तो मानसिक आजाराचा होता. असा आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाही, तेव्हा बोर्डाचं मत मानलं गेलं. सरकारी वकील तोही निकाल पुढे करतात.

मग उरलं काय? कारण. बोर्डाने ‘नाही’ म्हणायचं तर का नाही, हे लिहिलं पाहिजे. ‘आजार पीस स्टेशनला सुरू झाला’ हे कारण होत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने गवस अनिल माडसो यांच्या प्रकरणात हेच म्हटलं, आणि तो निकाल २००८ चे नियम समोर ठेवून दिलेला आहे. मधुमेहाची केस होती. तो काढून वाचा, धरमवीरच्या आधी.

कुणी तुम्हाला २०२३ च्या नव्या नियमांची भीती घातली तर सोडून द्या. ते सप्टेंबर २०२३ चे आहेत. तुम्ही त्याआधी दोन वर्षं घरी आलात.

जाता जाता, आमच्यात त्या तक्त्यात ठिकाणाच्या रकान्यात जहाजाचं नाव येतं. माझ्या कागदात जहाजाच्या जागी किनाऱ्यावरच्या एस्टॅब्लिशमेंटचं नाव पडलं होतं. तो तक्ता खरंच बघा.

घाटकोपरच्या_वहिनी

भाऊ, मी फौजीची बायको. आमच्या ह्यांचा गुडघा, पीटीमध्ये गेलेला. चार वर्षं मीच कागद घेऊन फिरले, कारण ह्यांना ऑफिसच्या दारात उभं राहिलं की राग येतो आणि मग हे सॅल्यूट करून परत येतात.

आम्हालाही टक्केवारीवाला भेटला होता, आणि तो एजंट नव्हता, चक्क काळ्या कोटातला वकील होता. वीस टक्के म्हणाला. माझ्या मामेभावाने सांगितलं, वकिलाने निकालाच्या टक्क्यांवर फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमातच मनाई आहे. मी तेवढंच त्याला म्हटलं, तर म्हणे ताई, तुम्ही फार वाचता. आम्ही दुसरी वकीलबाई केली, ठरवून एकरकमी. तीन हप्त्यांत दिले. तुम्ही स्वतःही उभे राहू शकता, पण मला धीर झाला नाही.

ट्रिब्युनल मुंबईतच आहे, मलबार हिलला, एमटीएनएलच्या बिल्डिंगमध्ये. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा तिन्हीकडच्या केसेस इथेच. आमच्या शेजारी एकदा भूजहून आलेले काका बसले होते, रात्रीच्या गाडीने आलेले, हातात थेपल्यांचा डबा. त्यांचा नंबर लागून पुढची तारीख पडायला दोन मिनिटं लागली असतील. आपण भांडुप-घाटकोपरवाले निदान जेवायला घरी येतो.

आत दोघं बसतात, एक न्यायाधीश आणि एक फौजेतले मोठे अधिकारी राहिलेले. मला वाटलेलं फौजेतले सरकारची बाजू घेतील. आमच्या वेळी उलट झालं. आमच्या ह्यांच्या इंज्युरी रिपोर्टवर ‘ऑन ड्यूटी’ला टिक होती, खाली सीओची (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) सही होती, तरी बोर्डाने नाही म्हटलेलं. ते अधिकारी सरकारी वकिलाला म्हणाले, पीटी काय हा हौसेने करायला गेला होता का? मला उठून टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. आमच्या निकालात चार महिने दिले होते. चार गेले, सहा गेले. मग अंमलबजावणीचा अर्ज टाकावा लागला, तेव्हा कुठे स्पर्शवर (पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) नवीन पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, दिसला. निकालापासून अकरा महिने. त्यात आम्हाला नशिबाने वरच्या कोर्टात ओढलं नाही. २०२३ पासून ट्रिब्युनलच्या निकालावर हायकोर्टात जाता येतं आणि सरकारही जातं. तेवढी तयारी मनाची ठेवा. पैसे आलेच आहेत असं धरून पोरीच्या कॉलेजची फी कबूल करू नका.

आणि फुकट वकील हवा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जुलै २०२५ मध्ये नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना आणली आहे, सैनिक बोर्डांतच कायदेशीर मदतीची सोय करायची म्हणून. आमच्या वेळी नव्हती.

भांडुपचा_हवालदार

सगळ्यांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय. आरटीआयचं पाकीट मंगळवारी आलं. मी नाइटवरून सकाळी साडेआठला घरी पोचलो तर पाकीट टीव्हीवर ठेवलेलं, कुणी फोडलं नव्हतं. चौदा पानं.

सुभेदार साहेब, तुम्ही म्हटलं तसंच केलं. शेवटच्या पानाकडे गेलो नाही. तक्ता तिसऱ्या पानावर आहे. झेरॉक्स तिरकी आलीय, रकान्याची उजवी रेघ कापली गेलीय, पण अक्षरं दिसतात. मुलीने पट्टी धरली आणि एकेक ओळ वाचली. १९९७ पासून सुरुवात. ट्रेनिंग, पी. पहिलं युनिट, पी. २००३ ते २००५ फील्ड, एफ. बरोबर. मग पी, पी. मग ०७/२०१३ ते ०७/२०१५. ठिकाणाच्या रकान्यात ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे नुसता फौजेच्या टपालाचा पत्ता. आणि पुढे पी.

मुलगी म्हणाली, “पप्पा, कुपवाडा पीस?”

मी पट्टी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः लावून बघितली. पी-च. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. वरच्या दोन ओळी पी होत्या, टाइप करणाऱ्याने तेच पुढे ओढलं असेल. ५६ एपीओ बघून बोर्डाच्या डॉक्टरला काय कळणार मी कुठे होतो ते? कुपवाडा, सीआय ऑप्स, हा शब्दच चौदा पानांत कुठे नाही. आणि तक्त्याच्या खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही. माझी. त्या दिवशी सातव्या टेबलाला होतो, अजून चार टेबलं बाकी होती, क्लिअरन्सची चिठ्ठी हातात. इथे, इथे आणि इथे, म्हणून बोट दाखवलं तिथे सह्या केल्या. टॉवरच्या गेटवर मालाची गाडी आली तर मी चलन दोनदा वाचतो. स्वतःचा कागद वाचला नाही.

शेवटचं पान मग वाचलं. एक ओळ: पीस स्टेशनला सुरुवात, सेवेशी संबंध नाही. आणि कौटुंबिक इतिहास, आई.

आता चांगली बातमी. मिसेसने पगाराच्या स्लिपा टाकल्या नव्हत्या. एलआयसीच्या पावत्यांबरोबर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. ऑगस्ट २०१३ ते जुलै २०१५ मधल्या बावीस सापडल्या, दोन नाहीत. प्रत्येकीवर सीआय ऑप्स अलाउन्स लागलाय. डब्याला गंज होता, कागदांना कडेने तांबडा डाग आहे, पण आकडे स्पष्ट आहेत.

हे चालेल का? आणि आईचं काय करायचं? ती नोंद खोटी नाही.

रेकॉर्डवाला_सुभेदार

चालेल का म्हणजे काय. सरकारने स्वतः दर महिन्याला तुम्हाला त्या भागात असल्याचा भत्ता दिला आणि मग स्वतःच्याच तक्त्यात पीस लिहिलं. वहिनींना माझ्यातर्फे एक सॅल्यूट.

अपिलाचा पहिला मुद्दा हाच घ्या. सुप्रीम कोर्टाने सुरुवात करू नका, तक्त्यातल्या त्या ओळीने करा. पान क्रमांक, ओळ, काय लिहिलंय, काय हवं. पुढे सहा स्लिपा जोडा: सुरुवातीच्या दोन, मधल्या दोन, शेवटच्या दोन. बावीसच्या बावीस पाठवू नका, मूळ तर एकही नाही. त्याबरोबर रेकॉर्ड ऑफिसकडे वेगळा अर्ज करून त्या टेन्युअरचा फील्ड सर्व्हिसचा दाखला मागा. दाखला येईपर्यंत अपील थांबवू नका, मागून जोडता येतो. आणि सही तुमची आहे हे लपवू नका. माहिती ऑफिसने भरली, मी तपासली नाही, असं सरळ लिहा.

आईच्या नोंदीचं. इथे बहुतेक जण चुकतात. तुम्ही ‘सेवेमुळे झालं’ असं भांडायला गेलात तर समोरचा आईची नोंद काढणार. तुम्ही ‘सेवेने वाढलं’ एवढंच मागा. पैसे दोन्हीला तेवढेच. आईला बीपी आहे, मान्य. म्हणून मलाही होण्याचा संभव होता, तेही मान्य. पण दोन वर्षं रात्रीची गस्त, झोप नाही, आणि त्यातून बाहेर पडल्यावर चार महिन्यांत १६०/१०४. परिच्छेद ४३ मध्ये फील्ड आणि सीआय ऑप्स आहे. बोर्डासमोर पी होतं म्हणून तो परिच्छेद लावायचा प्रश्नच आला नाही. आता येईल.

चार महिन्यांच्या अंतरावर ते बोट ठेवतील, आजार पीसला निघाला म्हणून. त्यावर एमआय रूमची डोकेदुखीची नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं. दहा वर्षांपूर्वीचं सिक रिपोर्ट रजिस्टर मिळेल अशी आशा फार धरू नका, पण आरटीआयमध्ये विचारून ठेवा. नाही म्हणाले तर ‘उपलब्ध नाही’ हे लेखी घ्या, तेही उपयोगी पडतं. आणि त्या वेळचा सेक्शनमधला कुणी जोडीदार शपथपत्र देत असेल तर बघा.

कुलाब्याचा_पीओ

शपथपत्राबद्दल माझं मत वेगळं आहे. जोडीदाराचं ‘याचं डोकं दुखायचं’ याला फार वजन मिळत नाही, आणि जोडीदार नीट आठवत नसेल तर घोटाळा होतो. स्लिपा, दाखला आणि दिल्लीचा निकाल एवढं पुरे. कागद कमी असला की वाचला जातो.

रेकॉर्डवाला_सुभेदार

पीओ साहेब, असेल. आमच्याकडे जाडी फाइल बघून साहेब आधी चहा मागवायचे, हे खरं आहे. शपथपत्र राहू द्या.

भांडुपचा_हवालदार

काल टाकलं. अडीच पानं झाली, मुलीने टाइप केलं. तिने ‘माझ्यावर घोर अन्याय झाला आहे’ असं एक वाक्य घातलं होतं, ते मी काढलं. तिला आवडलं नाही. आरआरच्या ओळीवर पिवळा मार्कर मारून झेरॉक्स काढली, तर झेरॉक्समध्ये ती ओळच काळी पडली. परत काढली, या वेळी बाजूला पेनाने बाण केला.

एजंट गेटवर भेटला. म्हटलं, पाठवलं. म्हणाला, तुम्हाला पस्तावायला होईल. चहा पाजला आणि पाठवला.

ड्युटीला उशीर होत होता म्हणून स्पीड पोस्टची पावती तशीच खिशात घालून ट्रेन पकडली. आता सहा महिने वाट बघायची ना? ही तारीख कुठे लिहून ठेवू?

रेकॉर्डवाला_सुभेदार

लिहून ठेवा कुठेही, पण आधी खिशातली पावती काढा आणि आजच तिची झेरॉक्स घ्या. ती शाई काही महिन्यांत उडते, कोरा कागद उरतो. ट्रिब्युनलमध्ये सहा महिने मोजायला तीच लागणार. पोस्टाच्या साइटवर पोचल्याची नोंद दिसली की तिचाही प्रिंट काढा, ती पण कायम राहत नाही. दोन्ही बिस्किटाच्या डब्यात.